साडी नेसून केलेला अभ्यास

पनवेलजवळच्या आमच्या विचुंब्याच्या आळीत दिवसाउजेडी पुढचं दार लावायची पद्धत नाही. शेतं सरकारने नव्या शहरासाठी घेतली, मोबदल्यात साडेबारा टक्के जमिनीचे भूखंड मिळाले, कौलारू घरांच्या जागी तीन-तीन मजले उभे राहिले, वरच्या मजल्यांवर भाडेकरू आले. दार मात्र सकाळी उघडलं की रात्री निजायच्या वेळीच लागतं. मधल्या वेळात ते लागलेलं दिसलं, तर घरात भांडण झालंय, कोणी दुखण्याने पडलंय किंवा पोरीला बघायला आलेत, असंच सगळे धरून चालतात. मी सेकंड इयर बी.कॉम.ला असताना एका दुपारी ते दार लावलं. त्यापायी जो मनस्ताप झाला, तो आठवला की अजून माझं डोकं फिरतं.

दार लावायचं कारण आमचे सर. ते नवे होते, तासांवर नेमलेले. वर्गात शंभरावर मुलं. एकेकाला पुढे बोलावून प्रेझेंटेशन ऐकत बसलो तर सेमिस्टर त्यातच जाईल, असं ते म्हणाले आणि त्यांनी तोडगा काढला. प्रत्येकाने पाच मिनिटांचा व्हिडिओ करायचा आणि पेन ड्राइव्हवर आणून द्यायचा. चेहरा स्पष्ट दिसला पाहिजे, मागे साधी भिंत हवी, कागदात बघून वाचायचं नाही, मध्ये कुठेही कट चालणार नाही. कपडे फॉर्मल. फॉर्मल म्हणजे मुलांनी शर्ट आणि टाय, मुलींनी साडी. भाषा इंग्रजी किंवा मराठी, ज्याला जी जमेल ती. त्यावर इंटर्नलचे मार्क होते.

मला ते मार्क हवेच होते. बाबांनी एकदा जेवताना सांगून टाकलं होतं, "सेकंड इयर होऊं दे, मंग बघू." आमच्याकडे पोरीच्या बाबतीत असं बघू म्हटलं की पुढे स्थळ येतं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. दादा बारावीला दोनदा आपटला, तेव्हा कोणी काही बघायला निघालं नव्हतं. त्याला गाडी घेऊन दिली. मला थर्ड इयर करायचं होतं, आणि मग कळंबोलीत मालाचं क्लिअरिंग करणाऱ्या, म्हणजे बंदरातून माल सोडवून देणाऱ्या, एखाद्या ऑफिसात नोकरी. फर्स्ट क्लास आला तर बाबांपुढे तोंड उघडायला काहीतरी हातात राहील, एवढाच माझा हिशेब होता.

म्हणून मी विषयही तसाच निवडला. बंदरात उतरलेला कंटेनर गोदामापर्यंत कसा पोचतो. आमच्या गच्चीवरून हायवेला ट्रेलरची रांग दिसायची, लहानपणापासून बघत होते, पण त्या डब्यांचं पुढे काय होतं ते कधी कोणी सांगितलं नव्हतं. मैत्रिणीला घेऊन रोडपालीच्या बाजूच्या दोन-तीन ट्रान्सपोर्ट ऑफिसांत गेले. सुरुवातीला तिथल्या माणसांना वाटलं, आम्ही वर्गणी मागायला आलोय. मग एकाने खुर्च्या दिल्या आणि नीट समजावलं. माल बंदरात पडून राहिला की रोजचा दंड चढतो, आणि कागद कोणीही अडकवलेले असोत, दंड भरतो तो ज्याचा माल आहे तोच. हे ऐकून मला फार चीड आली होती. मी माझं सगळं बोलणं त्याच मुद्द्याभोवती बांधलं. आरशासमोर, गच्चीवर, भांडी घासताना, दहा ठिकाणी बोलून बघितलं.

रेकॉर्डिंगचा दिवस ठरवला तो दुपारचा, कारण तेव्हा आळी जरा निवांत असते. फोन दादाचा. त्या वेळी घरात चांगला कॅमेरा असलेला फोन त्याच्याकडेच होता आणि तो दोन तासांसाठी मिळवायला मला त्याची गाडी धुवावी लागली होती. आमच्या हॉलची भिंत जांभळी, तिच्यावर देव, आजोबांचा हार घातलेला फोटो आणि दादाच्या क्रिकेटच्या ढाली. साधी भिंत कुठून आणणार? वहिनीने खिळ्यांना पांढरी चादर अडकवली. वहिनी नवीनच लग्न होऊन आलेली. तिला कोणाला तरी नटवायची हौस होती आणि मी आयती हातात सापडले. तिने मला स्वतःची आकाशी साडी नेसवली, पिना लावल्या, पावडर लावली, वर गजरा आणायला निघाली होती. मी म्हटलं, वहिनी, मला कंटेनरबद्दल बोलायचंय. तेव्हा कुठे ती थांबली.

तांदळाच्या डब्यावर पिठाचा डबा, त्यावर फोन. आवाज येतो म्हणून पंखा बंद. पुढचं दार लावलं. मी हात जोडून नमस्कार केला, नाव सांगितलं, वर्ग सांगितला, आणि पहिल्याच मिनिटाला वरच्या भाडेकरूने भिंतीला ड्रिल लावलं. परत सुरुवात. मग मावऱ्याची, म्हणजे मासळीची, पाटी घेऊन बाई आली, तिची हाक पार स्वयंपाकघरापर्यंत. परत सुरुवात. मग बाहेर रेतीचा डंपर रिव्हर्स घेताना पिपाणी वाजवत राहिला. कट चालणार नव्हता, त्यामुळे चौथं मिनिट असो की पहिलं, पुन्हा हात जोडायचे आणि पुन्हा नाव सांगायचं. घामाने पावडरीचे ओघळ आले होते.

आणि मग दार वाजलं. शेजारची काकी. तिला लागलेलं दार दिसलं होतं.

"काय गो, दार कनाला लावलंय? कोन आजारी हाय का?" असं म्हणत ती आत आली आणि जागच्या जागी थबकली. मी, साडी, मागे पांढरी चादर, पुढे फोन. तिच्या तोंडावर हळूहळू हसू पसरलं.

"अगो बाय, सांगायचं तरी. पोरगा भाईर हाय का बोटीवर?"

त्या सुमाराला आमच्याकडे हे नवीनच निघालं होतं. मुलगा जहाजावर असला किंवा दुबईला असला की आधी मुलीचा व्हिडिओ मागवायचे. मुलगी उभी राहते, नमस्कार करते, चार शब्द बोलते, पसंत पडली तर मग तो सुट्टीत येऊन बघतो. काकीच्या बहिणीच्या मुलीचं तसंच जमलं होतं.

"काकी, कॉलेजचा अभ्यास हाय," मी म्हटलं.

"साडी नेसून अभ्यास?" ती म्हणाली आणि आईकडे बघून डोळा मिचकावला.

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती म्हणू शकली असती की हो, अभ्यासच आहे, सरांनी सांगितलंय. ती नुसती हसली. पदराने हात पुसले आणि काकीला म्हणाली, बस, चाय टाकते. त्या हसण्याने काकीची खात्री पटली. मला आईचा त्या वेळी इतका राग आला की मी तिच्याशी दोन दिवस धड बोलले नाही. तिला कारणसुद्धा विचारावंसं वाटलं नाही.

काकी चहा पिऊन गेल्यावर एक टेक पुरा झाला. त्यातही तिसऱ्या मिनिटाला कुकरची शिट्टी झाली, पण मी थांबले नाही. आवाज चढवून शिट्टीच्या वरून बोलले आणि शेवटपर्यंत गेले. दंडाचा मुद्दा तर असा सांगितला की वहिनी फोन बंद करून म्हणाली, "ह्यो माल आपलाच अडकलाय असं वाटलं मला." त्या एका वाक्यावर मी दिवसभर खूश होते. पेन ड्राइव्ह पाकिटात घालून, वर नाव आणि रोल नंबर लिहून, दोन पिना मारून मी सरांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी तो खोक्यात टाकला.

इथे माझं काम संपलं होतं. दादाचं सुरू झालं.

महिनाभराने भावकीतल्या एकाच्या हळदीला आम्ही सगळे गेलो होतो. आमच्याकडची हळद म्हणजे काय ते पनवेलकडच्या माणसाला सांगायला नको. मंडपाच्या बाहेर भिंतीएवढे डीजेचे डबे, छातीत धडधड होते, शेजारच्याशी बोलायचं तर कानात तोंड घालावं लागतं. मी जेवणाच्या पंगतीकडे निघाले होते. पुरुषमंडळींच्या खुर्च्यांपाशी बाबा बसलेले दिसले. त्यांचा फोन हातोहात फिरत होता. एकाने बघून मान हलवली आणि पुढच्याला दिला. त्याने लांब धरून, डोळे बारीक करून बघितलं. मी मागून डोकावले.

पडद्यावर मी होते. आकाशी साडी, पांढरी चादर, जोडलेले हात. माझं तोंड हलत होतं आणि त्यातून डीजेचं गाणं येत होतं.

माझ्या अंगाची नुसती लाही झाली. कोणकोण अनोळखी माणसं माझ्या तोंडाकडे बघून माना डोलवत होती, आणि मी तिथे पाठीमागे उभी आहे याचा त्यांना पत्ताच नव्हता. मी बाबांना हाक मारली. त्यांना ऐकू गेली नाही. खांद्याला हात लावला तेव्हा ते वळले आणि खुशीत हसले. मला कानात ओरडून म्हणाले, "सगल्यांना आवरला." सगळ्यांना आवडला.

घरी आल्यावर सगळं बाहेर आलं. दादाने फोन परत घेतला तेव्हा व्हिडिओ त्यातच होता. त्याने तो बाबांना दाखवला. तोवर काकीने आळीभर सांगून ठेवलं होतं, आणि मावशीने उरणहून फोन करून विचारलं होतं की पोरीचा व्हिडिओ केलाय म्हणे, मग मला का नाही पाठवला. बाबांना वाटलं, आयता आहेच, पाठवून टाकू. व्हॉट्सअॅपवर एवढा मोठा जाईना, म्हणून दादाने सुरुवातीचा तुकडा कापला आणि भावकीच्या ग्रुपवर टाकला. पूर्ण व्हिडिओ बाबांच्या फोनमध्ये भरून दिला. ग्रुपवरून तो मावशीकडे आणि मावशीकडून कुठे कुठे गेला ते देवालाच ठाऊक.

मी दादाला नको नको ते बोलले. तो म्हणाला, "तुजा काय फोटो वायट आलाय का? चांगली दिसतेस की." त्याला खरंच कळत नव्हतं. माझा अभ्यास होता, तो मी केला होता, तो कोणाला द्यायचा हे मी ठरवणार होते, हे मी तीन-तीनदा सांगितलं. बाबा म्हणाले, एवढं काय झालं, घरातल्याच लोकांनी बघितलाय. घरातले लोक म्हणजे पनवेलपासून उरणपर्यंतचे.

मनाला एकच आधार होता. निदान सरांनी तरी तो ऐकला असेल. सेमिस्टरच्या शेवटी सरांनी खोकं टेबलावर ठेवलं आणि आपापले पेन ड्राइव्ह घेऊन जा म्हणाले. माझं पाकीट मला मिळालं. दोन्ही पिना जशाच्या तशा होत्या. कोणी काढून परत मारल्या असतील म्हणून मी नीट बघितलं, कागदाला दुसरं भोकसुद्धा नव्हतं. मला वीसपैकी तेरा मार्क होते. माझी कामोठ्याची मैत्रीण गडबडीत चुकीचा पेन ड्राइव्ह देऊन आली होती, त्याच्यावर तिच्या भाच्याचा वाढदिवस होता. तिला पंधरा मिळाले.

मी पाकीट घेऊन स्टाफरूममध्ये गेले. सर डबा खात होते. मी विचारलं, "सर, तुम्ही व्हिडिओ पाहिलात का?"

ते म्हणाले, "अगं, एवढ्या सगळ्यांचे कधी पाहणार? वर्गातल्या एकूण परफॉर्मन्सवर दिलेत. तेरा चांगले आहेत." आणि लोणच्याच्या बरणीचं झाकण उघडायला लागले.

मी पाकीट घेऊन तशीच परत फिरले, आणि त्याची चुटपुट मला आजही आहे. ज्याच्यासाठी केला त्याने उघडला नाही, ज्यांच्यासाठी केला नव्हता त्यांनी गावभर फिरवला. स्टेशनपर्यंत मी चालत आले, रिक्षासुद्धा केली नाही. रस्त्यात समोर येणाऱ्या प्रत्येकाला ढकलून द्यावंसं वाटत होतं.

आणि त्याच आठवड्यात मावशीचा फोन आला. उरणकडच्या एका घरी व्हिडिओ पसंत पडलाय, रविवारी येतायत.

मी नाही म्हटलं. बाबा म्हणाले, बघायला काय जातंय. आई म्हणाली, घरी आलेल्या मानसांचा अपमान करू नको. वहिनीने तीच आकाशी साडी काढून ठेवली, कारण मुलाकडच्यांनी तीच बघितली होती. मी ती नेसले. सारखं नाही म्हणून मी थकले होते, आणि थकलेल्या माणसाला साडी नेसवणं सोपं असतं.

मुलगा, त्याची आई, त्याचे काका. मुलगा कंटेनर यार्डात कॉम्प्युटरवर बसायचा. माणसं वाईट नव्हती. मुलाची आई तर पाटावरून उठून मला जवळ घ्यायला आली. पोहे झाले, चहा झाला. दार अर्थातच लावलेलं होतं. मग मुलाच्या आईने प्रेमाने विचारलं, "काय गो बाय, शिकतेस काय तू? कितवीला हायस?"

मी त्यांच्याकडे बघत राहिले. ग्रुपवर गेलेल्या त्या तुकड्यात दुसरं काही नव्हतं. नमस्कार, माझं नाव, माझा वर्ग, माझं कॉलेज, माझा विषय.

"तुमी व्हिडिओ बघितला ना?" मी विचारलं.

"बघितला की. धा वेला बघितला. शेजारच्यांना दावला."

"त्यात सांगितलंय मी."

त्या जरा गोंधळल्या. मग हसल्या. "आवाज कशाला लावायचा? पोरगी बघायची तर आवाज कशाला? बोलनं काय, हितं आल्यावं होतंच की."

त्यांच्या बोलण्यात जराही खोट नव्हती. म्हणूनच माझं डोकं जास्त तापलं. मी बाबांकडे हात पुढे केला आणि म्हटलं, "बाबा, फोन द्या." पाहुण्यांना अजून काही दाखवायचं असेल असं समजून त्यांनी लगेच काढून दिला. पूर्ण व्हिडिओ त्यात होता. मी आवाज शेवटपर्यंत वाढवला आणि फोन पोह्यांच्या पातेल्याला टेकवून सगळ्यांच्या मधोमध ठेवला.

पाच मिनिटं फार मोठी असतात. पहिल्या मिनिटाला मुलाची आई कौतुकाने ऐकत होती. दुसऱ्या मिनिटाला तिने माझ्या आईकडे बघितलं, हे किती वेळ चालणार या अर्थाने. आईने जमिनीकडे बघितलं. काकांनी घड्याळ बघितलं. कुकरची शिट्टी झाली आणि फोनमधली मी आवाज चढवून बोलायला लागले. दंडाच्या मुद्द्यावर आल्यावर मुलगा पुढे वाकला आणि म्हणाला, "हां, बरोबर हाय हे, आमच्या यार्डात पन..." काकांनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि तो गप्प बसला. मी मात्र उभीच होते. हात बांधून. व्हिडिओतली मी हात जोडून होते, आणि बाहेरची मी हात बांधून. दादाने एकदा फोन उचलायला हात पुढे केला. मी त्याच्याकडे असं बघितलं की त्याने तो मागे घेतला.

व्हिडिओ संपला. मग काका म्हणाले, "चांगलं बोलते पोरगी. कलवतो आमी." आणि ते उठले.

त्यांनी कळवलं ते मावशीमार्फत, दिवे लागायच्या आत. पोरीला तोंड हाय, असं त्यांचं म्हणणं पडलं. मावशी फोनवर रडकुंडीला आली होती, आई तिची समजूत घालत होती. दादा गाडी घेऊन कुठेतरी निघून गेला. वहिनी माझ्या साडीच्या पिना काढत होती आणि तिला हसू आवरत नव्हतं, ते ती पदरात तोंड घालून दाबत होती.

मी साडी बदलून बाहेर आले तेव्हा बाबा हॉलमध्ये एकटेच बसले होते. आता ओरडतील म्हणून मी तयारीतच होते. थर्ड इयर विसर, हे वाक्य ऐकायला कान घट्ट करून आले होते आणि त्याचं उत्तरही ठरवलं होतं, की मग मी उद्यापासून कुठेही कामाला लागेन पण या घरात पुन्हा कोणापुढे पोहे घेऊन येणार नाही. त्यांच्या हातात फोन होता. व्हिडिओ चालू होता. अर्धा झाला होता. त्यांनी मला बघितलं आणि हाताने खूण केली, थांब. शेवटपर्यंत ऐकला. मग फोन बाजूला ठेवला.

"पुढल्या वर्साचं काय असतं ते भरून टाक," ते म्हणाले.

मला जे हवं होतं ते मिळालं होतं. मला आनंद व्हायला हवा होता, झाला नाही.

ते माझ्याकडे नवीन माणसाकडे बघावं तसे बघत होते. म्हणाले, "एवरं बोलतेस तू. मला कवा म्हाईतच नव्हतं. कुठं बोलतेस एवरं?"

"हितंच बोलते मी, बाबा," मी म्हटलं. "रोज."